संत्रं फुटलं, मोसंबी शाबूत: कळमन्यातल्या एका हिशोबाच्या फाइलचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात फळांची अडत असलेल्या एका दुकानातलं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण लिहिण्यासारखं त्यातच आहे.

अडत्यांचा भाचा माझा जुना विद्यार्थी. मी नंदनवन भागात संध्याकाळी जावा या प्रोग्रामिंग भाषेचे वर्ग घेते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्यानं मामांसाठी पट्टीचा प्रोग्राम लिहिला. शेतकऱ्याचा माल काट्यावर येतो, लिलाव होतो, मग वजन, दर, हमाली, भाडं आणि आधी दिलेली उचल मांडून पट्टी होते. पूर्वी हे सगळं दिवाणजी कार्बन लावलेल्या पुस्तकावर लिहीत. प्रोग्राम आल्यावरही त्यांनी ते पुस्तक सोडलं नाही, हे पुढे फार कामाला आलं.

प्रोग्राम साधा होता. सुरू झाला की एका मजकूर-फाइलमधून सगळ्या पट्ट्या वाचायच्या, दिवसभर मेमरीत ठेवायच्या आणि ‘जतन’ दाबलं की सगळी फाइल पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायची. एका ओळीत एक पट्टी. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि माल मराठीत, रकमा इंग्रजी अंकांत. दीड हजाराच्या आसपास ओळी साठल्या होत्या. भाच्याच्या लॅपटॉपवर आणि दुकानातल्या संगणकावर जावा २१ ही नवी आवृत्ती होती. पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं जावा ८, म्हणून त्यानं प्रोग्रामची चालवायची फाइल, म्हणजे जार, ८ साठीच बांधली होती. कुठेही चालावी, एवढाच हेतू.

काय घडलं

मार्चचा महिना, मृग बहाराच्या संत्र्याची आवक जोरात. मंगळवारी संध्याकाळी अवकाळी वादळ आलं. दिवाणजींनी ‘जतन’ दाबलं आणि त्याच वेळी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली होती. लाइट आली, पण संगणकाचा पॉवर सप्लाय जळाला होता. नंतर त्याची डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली, तेव्हा पट्ट्यांची फाइल जागेवर होती, नावही बरोबर होतं, लांबी मात्र शून्य बाइट.

भाच्यानं फोनवर उपाय सांगितला: गोदामातला जुना संगणक काढा, पेनड्राइव्हवरची सोमवार संध्याकाळची फाइल त्यावर घाला, मंगळवारच्या पट्ट्या पुस्तकातून पुन्हा भरा. त्या वेळी मलाही हाच उपाय सुचला असता. जुन्या संगणकावर जावा ८ होतं. जार दोनदा क्लिक केली, प्रोग्राम उघडला, काम सुरू झालं.

बुधवारपासून शुक्रवारपर्यंत कोणाला फारसं काही खटकलं नाही. नवी पट्टी पडद्यावर नीट दिसे, छापूनही नीट येई, कारण ती मेमरीतून छापली जात होती. गुरुवारी एका शेतकऱ्याची जुनी उचल बघायला दिवाणजींनी मागची यादी उघडली, तर नावांच्या जागी परदेशी चिन्हांची रांग. रक्कम नीट दिसत होती, तिच्यावरून काम भागलं. त्यांनी फोन केला. भाचा म्हणाला, “फॉन्ट नसेल त्या मशीनवर. शनिवारी येतो.” या एका वाक्यात दोन दिवस गेले. अक्षरं बिघडलेली दिसली की आपण सगळे आधी फॉन्टलाच धरतो.

शनिवारी त्यानं पेनड्राइव्हवरून फाइल लॅपटॉपवर घेतली आणि प्रोग्राम उघडला. बरंचसं मराठी परत आलं, पण मध्येमध्ये काळे चौकटीतले प्रश्नचिन्ह. शेवटच्या चार दिवसांतली नावं तर नुसती प्रश्नचिन्हांचीच. दिवाणजी शेजारी बसून वाचत होते. त्यांनी जे टिपलं ते आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं: “मॅडम, मोसंबी बरोबर दिसून राहिली, संत्रंच तेवढं फुटलं. काटोल, नरखेड, सावनेर ठीक आहे. कुही, वरुड, मोर्शी, कळमेश्वर फुटले.”

मी व्हिडिओ कॉलवर होते. फॉन्ट बिघडला तर गावं अशी निवडून बिघडत नाहीत. मी भाच्याला म्हटलं, “आता कशालाच हात लावू नकोस.” तोवर त्यानं प्रोग्राम एकदा बंद केला होता. आणि बंद होताना प्रोग्राम आपोआप जतन करत असे.

बाइटांच्या पातळीवर

इथे थोडं थांबायला हवं. फाइलमध्ये अक्षरं नसतात, ० ते २५५ मधल्या संख्या असतात, त्याच बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कुही’ डोळ्यांना दोन अक्षरं, पण चिन्हं चार: क, उकार, ह, दीर्घ ईकार. म्हणून बाइट बारा:

२२४ १६४ १४९, २२४ १६५ १२९, २२४ १६४ १८५, २२४ १६५ १२८

आमच्या खराब फाइलमध्ये त्याच जागी हे निघालं:

२२४ १६४ १४९, २२४ १६५ ६३, २२४ १६४ १८५, २२४ १६५ १२८

बारापैकी एकच बाइट बदलला होता. १२९ जाऊन ६३ आला, आणि ६३ म्हणजे साधं प्रश्नचिन्ह.

कारण असं. प्रोग्राममध्ये फाइल वाचणारा फाइलरीडर आणि लिहिणारा फाइलरायटर हे जावातले तयार वर्ग (क्लास) फक्त फाइलचं नाव देऊन वापरले होते. कोणती लिपी-सारणी, म्हणजे कोणत्या बाइटांचं कोणतं अक्षर हा तक्ता, वापरायची ते सांगितलं नाही, तर जावा आपली डिफॉल्ट घेतं. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून हे डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८ आहे. त्याआधी ते त्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरायचं, आणि आपल्याकडच्या नेहमीच्या इंग्रजी विंडोजवर ते विंडोज-१२५२ असतं. तीच जार, तीच फाइल. नव्या जावावर ती मराठी वाचत होती, जुन्यावर तेच बाइट युरोपीय अक्षरं म्हणून वाचत होती.

विंडोज-१२५२ मध्ये एका बाइटला एक अक्षर. पण पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. बाकीचे बाइट चुकीच्या अक्षरात वाचले, तरी परत लिहिताना तेच्या तेच उमटतात. वाचताना झालेली चूक लिहिताना उलटते आणि नुकसान होत नाही. रिकाम्या जागेवरचा बाइट आला की जावा वाचताना ‘ओळखता आलं नाही’ असं एक बदली चिन्ह ठेवतं. ते चिन्ह विंडोज-१२५२ मध्ये नाहीच, म्हणून लिहिताना त्याचं प्रश्नचिन्ह होतं. १२९ हा ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट, चंद्रबिंदूचाही. १४१ पाय मोडण्याच्या चिन्हाचा, म्हणजे प्रत्येक जोडाक्षराचा. १४३ ‘ए’चा, १४४ ‘ऐ’चा, १५७ ‘झ’चा. ‘संत्रा’ मध्ये जोडाक्षर आहे, ‘मोसंबी’ मध्ये यातलं काहीच नाही. दिवाणजींचं निरीक्षण बाइटापर्यंत खरं होतं.

यातून नुकसानाचे तीन प्रकार वेगळे झाले. सोमवारपर्यंतच्या नोंदींत फक्त या पाच बाइटांची जागा गेली होती. ते पहिल्याच दिवशी झालं, पुढच्या दोन दिवसांत त्यात भर पडली नाही, कारण ६३ परत वाचून लिहिला तरी ६३च राहतो. मंगळवार ते शुक्रवारच्या नोंदी जुन्या मशीनवर थेट टाइप झालेल्या, तिथे देवनागरीचं एकही अक्षर सारणीत बसलं नाही. अख्खं नाव प्रश्नचिन्हांचं, आणि फाइलमधून ते परत येणं शक्य नाही. तिसरा प्रकार शनिवारी लॅपटॉपवर घडला. जावा २१ नं ती फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचली, २२४ १६५ ही अर्धवट जोडी बाद ठरवली आणि जतन करताना तिच्या जागी बदली चिन्हाचे तीन बाइट लिहिले. तिथे आधी १६४ होता की १६५, हा मागही पुसला गेला. फाइल आकारानं वाढली होती आणि तिच्यातली माहिती घटली होती. पेनड्राइव्हवरची प्रत वेगळी होती म्हणून वाचलो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मामांचा: “पुस्तकं आहेत ना, सगळं नव्यानं भरून टाका.” दिवाणजींच्या अंदाजानं चार-पाच दिवस लागले असते, तेही ऐन आवकेच्या गर्दीत. शिवाय दीड हजार ओळी हातानं भरताना रकमांत चुका होणार. रकमा तर शाबूत होत्या, इंग्रजी अंक दोन्ही सारण्यांत सारखेच असतात. जे ठीक आहे ते पुन्हा टाइप करून धोक्यात घालणं मला पटलं नाही.

दुसरा पर्याय जुनी प्रत. पेनड्राइव्हवर रोज त्याच नावानं फाइल वरून लिहिली जात होती, म्हणजे बुधवारी संध्याकाळीच चांगली प्रत खराब प्रतीखाली गेली. महाशिवरात्रीच्या सुट्टीत भाच्यानं लॅपटॉपवर घेतलेली एक प्रत मात्र स्वच्छ होती. ती जुनी होती, पण बहुतेक शेतकरी आणि गावं तिच्यात होती.

तिसरा पर्याय बाइट दुरुस्त करण्याचा छोटा प्रोग्राम, आणि शब्द ताडून पाहायला ती जुनी प्रत.

चौथा, भाच्याच्या मनात होता तो: फाइल सोडून थेट डेटाबेसवर जायचं. विचार चांगला, पण वेळ चुकीची. माहिती मोडलेली असताना साठवणही बदलली, तर कोणती चूक कुठून आली ते कळत नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं.

जुन्या मशीनवर पुढे काय करायचं, हाही प्रश्न होता. सुरू करताना आदेशातच यूटीएफ-८ सांगणारी बॅच फाइल ठेवायची, असं सुचलं. पाच मिनिटांचं काम. पण दिवाणजी उद्या पुन्हा जारवरच दोनदा क्लिक करणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. फाइल कशी वाचायची हे प्रोग्रामनं स्वतः ठरवायला हवं.

काय केलं

आधी पेनड्राइव्हवरच्या फाइलच्या दोन प्रती काढून त्या फक्त-वाचनासाठी केल्या. मूळ पेनड्राइव्ह दिवाणजींच्या गल्ल्यात ठेवला.

दुरुस्तीचा प्रोग्राम ऐंशीएक ओळींचा झाला. फाइल मजकूर म्हणून न वाचता सरळ बाइट म्हणून वाचली. १६५ च्या मागे ६३ आला की तिथे उकार किंवा पायमोड. १६४ च्या मागे ६३ आला की चंद्रबिंदू, ए, ऐ किंवा झ. प्रत्येक फुटलेल्या शब्दाची सगळी शक्य रूपं बनवायची आणि जुन्या प्रतीतल्या शब्दांत शोधायची. ‘मोर?शी’ ची दोन रूपं होतात, मोरुशी आणि मोर्शी, आणि यादीत एकच आहे. ‘संत?रा’ चंही तसंच.

पहिल्या मसुद्यात भाच्यानं यादीत जे रूप आधी सापडेल ते घेतलं होतं. निकाल झटक्यात आला, जवळजवळ सगळं भरलेलं. दिवाणजींनी तो कागदावर मागितला. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं: “ही पट्टी स्मिताबाईंची नाही, सुमिताबाईंची आहे. त्यांचा माल त्या दिवशी आला होता.” ‘स?मिता’ चं दोन्ही प्रकारे खरं नाव होतं आणि दोन्ही खातेदार होत्या. प्रोग्रामनं एकीची उचल दुसरीच्या नावावर नेली होती. पडद्यावर प्रश्नचिन्ह राहिलं असतं तर कोणी तरी विचारलं असतं. नीट दिसणारं चुकीचं नाव कोणीच विचारत नाही.

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय इथे झाला. नियम बदलला: यादीत नेमकं एकच रूप सापडलं तरच भरायचं. एकही नाही किंवा दोन सापडली, तर ओळ बाजूला काढून पट्टी क्रमांकासह छापायची. असे चाळीसच्या आत शब्द उरले. ते आणि चार दिवसांच्या पट्ट्या दिवाणजींनी रविवारी कार्बनच्या पुस्तकातून लावल्या.

मग मूळ प्रोग्राम. फाइल उघडण्याचा कोड चार बटणांच्या मागे चार ठिकाणी होता. तो काढून एका वर्गात आणला, ज्याला वाचणं आणि लिहिणं एवढंच येतं. बाकीच्या प्रोग्रामला फाइलचा पत्ताही माहीत नाही. वर्ग आणि वस्तू शिकवताना आपण प्राणी-पक्ष्यांची उदाहरणं देतो. माझ्या मते एन्कॅप्सुलेशन, म्हणजे आतलं काम एका वर्गात झाकून ठेवणं, कळायला हे उदाहरण जास्त चांगलं आहे, कारण लिपी-सारणी आता एकाच जागी लिहिली गेली.

वाचायला आणि लिहायला फाइल्स या वर्गातल्या पद्धती घेतल्या, यूटीएफ-८ स्पष्ट सांगून. त्या जावा ७ पासून आहेत, म्हणजे जुन्या मशीनवरही चालतात. त्यांचा आणखी एक गुण: चुकीची बाइट-जोडी दिसली की त्या गुपचूप बदली चिन्ह ठेवत नाहीत, अपवाद (एक्सेप्शन) फेकतात, म्हणजे चूक कळवून तिथेच थांबतात. आधीच्या कोडमध्ये अपवाद पकडून नुसता कन्सोलवर, म्हणजे आदेशांच्या काळ्या खिडकीत, छापला जात होता, आणि दोनदा क्लिक करून उघडलेल्या जारला कन्सोल दिसतच नाही. आता पडद्यावर मराठीत संदेश येतो आणि प्रोग्राम जतन करायला नकार देतो.

शून्य बाइटचं कारणही इथेच होतं. फाइलरायटर जोडून लिहायला सांगितलं नसेल, तर उघडताक्षणी जुनी फाइल रिकामी करतो. नवा मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तात्पुरत्या साठ्यात, मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत आणि शेवटी डिस्कवर जातो. मध्ये लाइट गेली तर जुनं पुसलेलं आणि नवं पोचलेलं नाही. आता त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावानं पूर्ण फाइल लिहिली जाते. फाइलचॅनलच्या फोर्स पद्धतीनं ती डिस्कवर उतरवली जाते. बंद झाली की एका झटक्यात नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी येते. लाइट कधीही जावो, जुनी किंवा नवी, एक तरी पूर्ण राहते. तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून चालत नाही, तिथे नाव बदलणं म्हणजे प्रत्यक्षात नक्कल करणंच असतं.

बॅकअपच्या नावात तारीख आली. यूपीएसला नवी बॅटरी.

निष्पत्ती

सोमवारी लिलावाआधी पट्ट्या पूर्ण होत्या. रकमांची बेरीज पुस्तकाशी जुळली.

नव्या बांधणीची खरी परीक्षा महिनाभरानं झाली. हिशोब तपासनिसांकडच्या मुलानं फाइल दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये उघडून जुन्या सारणीत जतन केली आणि परत फोल्डरमध्ये ठेवली. सकाळी पट्टीचा प्रोग्राम उघडला नाही, ‘फाइल वाचता आली नाही, कोणताही बदल केलेला नाही’ एवढा संदेश आला. दिवाणजींनी कालच्या तारखेची प्रत ठेवली आणि दहा मिनिटांत काम सुरू केलं. मला फोन दुपारी आला, तोही सहज सांगायला. त्यानंतर तपासनिसांसाठी वेगळी निर्यात-फाइल केली. तिच्या सुरुवातीला २३९ १८७ १९१ हे तीन ओळख-बाइट घातले, म्हणजे एक्सेल तिला यूटीएफ-८ म्हणून ओळखतं. मूळ फाइलमध्ये ते मुद्दाम घातले नाहीत. जावा ते वाचताना काढून टाकत नाही, आणि पहिल्या रकान्याच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटून बसतं.

वेगळं काय करता आलं असतं

गुरुवारचा फोन. “फॉन्ट असेल” म्हणण्याऐवजी “प्रोग्राम बंद करू नका, फोटो पाठवा” म्हटलं असतं, तर दोन दिवसांच्या नोंदी वाचल्या असत्या. फोटोत युरोपीय अक्षरं दिसली असती. फॉन्ट नसला तर रिकामे चौकोन दिसतात, हा फरक फोटोतच कळतो.

प्रत्येक वेळी सगळी फाइल लिहिण्याऐवजी पट्टी झाली की तेवढीच ओळ शेवटी जोडायची, असं माझं म्हणणं होतं. भाच्याचा मुद्दा असा की पट्टी झाल्यावरही दर आणि हमाली दुरुस्त होतात, म्हणून पूर्ण फाइल लिहावीच लागते. तेव्हा मी मान्य केलं. आज वाटतं, दोन्ही हवं होतं: मुख्य फाइल तशीच, आणि शेजारी नुसती जोडत जाणारी रोजची नोंद. मंगळवारच्या पट्ट्या तिच्यात राहिल्या असत्या. ते काम अजून बाकी आहे.

आणि एक माझ्याकडे येतं. भाच्यानं फाइलरायटर नुसतं फाइलचं नाव देऊन वापरला, कारण फळ्यावर मी तसाच लिहिला होता. इतकी वर्षं सगळ्या तुकड्यांना तसाच शिकवला. उदाहरणात मजकूर इंग्रजी असायचा, म्हणून तो कधीच फुटला नाही. आता फाइलच्या पहिल्या तासाला प्रत्येकानं स्वतःच्या गावाचं नाव फाइलमध्ये लिहायचं, विंडोज-१२५२ मध्ये वाचून परत जतन करायचं आणि मग यूटीएफ-८ मध्ये उघडायचं. परवाच्या तुकडीत रामटेक, मौदा आणि हिंगण्याची मुलं म्हणाली, “मॅडम, काहीच झालं नाही.” मागच्या बाकावरची कुहीची मुलगी मात्र पडद्याकडे बघत बाइट मोजत होती.